अर्ध्या भिंतीची कड

अर्ध्या भिंतीपर्यंतच टाईल लावायच्या असल्या तर वरची कड कशी बंद करणार, हे मिस्त्रीला आधी विचारून घ्यावं. आधी म्हणजे पहिली टाईल चिकटायच्या आधी. मी विचारलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर आमच्या घरी जो जो आला त्याने भिंतीकडे पाहून मला हेच ऐकवलं की आधी विचारायला पाहिजे होतं. विचारलं होतं बाप्पा. भिंतीपाशी उभं राहून, जिथे टाईल संपणार त्या जागेवर बोट ठेवून विचारलं होतं. मिस्त्री म्हणाला, "वरून पट्टी येते ना मॅडम. टेन्शन नका घेऊ." आणि मी, वर्गात गणिताची एक पायरी गाळली तरी पोरांचे अर्धे मार्क कापणारी बाई, टेन्शन न घेता शाळेत निघून गेले.

आमचं घर अमरावतीला, जुन्या वस्तीत. घरात दोघंच, मी आणि माझे वडील. मी लग्न केलं नाही, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर बोलायला आमचे नातेवाईक समर्थ आहेत. बाबा धामणगावला जिनिंगमध्ये कापसाचे ग्रेडर होते. रुईची चिमूट दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची आणि धागा किती लांबीचा निघतो ते सांगायचं, हेच त्यांनी जन्मभर केलं. आता काचबिंदूने डोळे जवळपास गेले. उजेड कळतो, दारात माणूस उभा राहिला तर सावली कळते, बाकी नाही. तरी घरात ते कोणाचा हात धरत नसत. त्यांच्या खोलीतून बाहेर पडलं की उजव्या हाताला एक लांब भिंत आहे, ती सरळ बाथरूमच्या दारापर्यंत जाते. त्या भिंतीला हात लावून ते जायचे आणि तिलाच हात लावून परत यायचे. मी सकाळी शाळेत जाते ती संध्याकाळी येते. मधे पोळ्यावाल्या मावशी येऊन जातात. बाकी दिवसभर घरात बाबा आणि ती भिंत.

त्या भिंतीला खालून ओल आली. रंगाचे पापुद्रे निघायला लागले, बाबांच्या तळहाताला चुना लागायचा आणि तो ते पायजम्याला पुसायचे. म्हणून कंबरेच्या वर थोडंसं, जिथवर ओल चढली होती तिथवर, टाईल लावायचं ठरलं. ठरवायला वेळ मात्र आम्ही अशी निवडली की विचारू नका. महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या. आमच्या वऱ्हाडात महालक्ष्म्यांच्या आधी प्रत्येकाला आपलं घर आटपून पाहिजे असते. ज्याला वर्षभर गळकी तोटी दिसत नाही त्यालाही भाद्रपद लागला की सगळं दिसायला लागते. त्या दिवसांत मिस्त्री जावयासारखा जपावा लागतो. चहा दिला तरी तो उभ्या उभ्या पितो, कारण त्याने आणखी दोन घरचं काम धरलेलं असते.

आमचा मिस्त्री असाच आला आणि असाच गेला. खालून अख्ख्या टाईल लावत आला, वर जागा कमी पडली तर टाईल कापून शेवटची ओळ घेतली. आता कापलेली टाईल घ्यायचीच तर कापलेली बाजू खाली तरी ठेवावी, वरच्या अंगाला कंपनीची गुळगुळीत कड येऊ द्यावी. याने कापलेली बाजू वर ठेवली. मी संध्याकाळी घरी येऊन पाहते तर कटरने फाडलेली ती कड भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत करवतीसारखी वर आलेली. फोन केला. "ते पट्टीखाली झाकते मॅडम," तो म्हणाला. पट्टी कुठे आहे विचारलं तर म्हणाला महालक्ष्म्या होऊ द्या, मंग पाहू. मागून कोणाच्या तरी घरची बाई त्याच्यावर ओरडत होती, म्हणजे तिथेही हेच चाललेलं होतं.

बाबांना मी सांगितलं की वरच्या कडेला हात लावू नका, खाली गुळगुळीत टाईलवर तळहात ठेवा. त्यांनी हो म्हटलं. पण चालता माणूस आधार शोधतो, आणि गुळगुळीत टाईलवर तळहात घसरतो. टाईल जिथे संपते तिथे भिंतीतून बोटभर जाडी बाहेर आलेली असते, बोटं आपोआप वर सरकतात आणि त्या कडेवर जाऊन बसतात. डोळे गेलेल्या माणसाला तर ती रेघच पाहिजे असते.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी घर भरलेलं होतं. भाऊ आणि वहिनी अकोल्याहून आलेले. पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या, सगळं यथासांग. जो येईल तो आधी देवीला नमस्कार करायचा आणि मग टाईलकडे पाहून म्हणायचा, काय सुंदर दिसून राह्यलं. मी खूश होते, कबूल करते. पंगत बसली. मी वाढत वाढत बाबांपाशी आले तर त्यांच्या ताटातलं काही हललेलं नव्हतं. उजवा हात उपरण्याखाली. म्हटलं, बाबा, पुरण थंड होऊन राह्यलं. ते म्हणाले, "भूक नाही व बाई." महालक्ष्म्यांच्या दिवशी आमच्या बाबांना भूक नाही, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी उपरणं बाजूला केलं. तळहातात कापून कातडं जिभेसारखं सुटलेलं, आणि उपरण्याचा आतला पदर लाल भिजलेला. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे त्यांची, रक्त थांबत नाही. सणाच्या दिवशी गोंधळ नको म्हणून पंगत उठेपर्यंत हात लपवून बसणार होते. डाव्या हाताने महालक्ष्मीचा प्रसाद खायचा नाही, म्हणून जेवणार नव्हते.

हाताला पट्टी बांधली, मी घास भरवायला बसले तर चार लोकांसमोर तोंड फिरवलं. शेवटी पाहुणे गेल्यावर, दार लोटून, त्यांनी माझ्या हातून अर्धी पोळी खाल्ली. मला तेव्हा जो राग आला तो कोणावर काढावा हे कळेना. मिस्त्रीचा फोन लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरळ त्याच्या घरी गेले. त्याला स्कूटरवर मागे बसवून आणला म्हटलं तरी चालेल. त्याने भिंत पाहिली, मान हलवली आणि मला समजावून सांगायला लागला की ही पट्टी अशी वरून चिकटत नाही. तिला एक जाळीदार पाय असतो, तो टाईलच्या मागे सिमेंटमध्ये जातो, वर फक्त तिची गोल कड दिसते. म्हणजे टाईल लावतानाच पट्टी आत घ्यावी लागते.

"मग घेतली का नाही?"

"तुमी आनली नाही ना मॅडम."

"तुम्ही सांगितलं नाही आणायचं."

"सामान तं मालकाचंच असते ना. मले वाटलं तुमी आनून ठेवसान. नाही दिसली, मंग वाटलं तुमाले नाई पायजे."

आमच्याकडे रीतच अशी आहे. सामान घरमालकाने आणायचं, मिस्त्री फक्त हात घेऊन येतो. रेती, सिमेंट, टाईल मी आणली होती. पट्टी म्हणजे त्याच्या थैलीत असणारी वस्तू, थापीसारखी, असं मला वाटलं. त्याला वाटलं ती माझ्या कपाटात आहे. दोघंही एकमेकांच्या भरवशावर बसलो आणि मधल्या मधे बाबांचा हात कापला. त्याने जाता जाता कडेवर पांढऱ्या सिमेंटचा लेप फिरवून दिला, सँडपेपर मारला आणि म्हणाला, आता काही होत नाही. बाबांनी पट्टी बांधलेल्या हाताच्या बोटांनी तो लेप चाचपून पाहिला. "हे झडते," ते म्हणाले. आठवड्याभरात झडला. मी केर काढला तर सुपलीत पांढरा चुरा, आणि कड पुन्हा उघडी.

तोवर पितृपक्ष लागला. खरं काम म्हणजे वरची ओळ काढायची, पट्टी आत घेऊन पुन्हा लावायची. मिस्त्री म्हणाला, पित्तरात नवीन काम धरत नाही. मी म्हटलं, हे नवीन कुठे आहे, हे तुमचंच अर्धवट काम आहे. तो म्हणाला, काढून नव्यानं लावाची म्हनजे नवीनच झालं ना. मी म्हटलं, पूर्ण करणं म्हणजे सुरू करणं नव्हे. तो म्हणाला, मॅडम तुमी शिकलेल्या हाय, पन घरात म्हातारं मानूस हाय, मले उगाच आपल्या डोक्यावर नाही घ्याचं. इतकं बोलून त्याने फोन ठेवला. डोकं असं फिरलं की त्या दिवशी दहावीच्या वर्गात मी एक गणित दोनदा चुकले.

मग मीच हार्डवेअरच्या दुकानातून प्लास्टिकची पट्टी आणली, मागून चिकटपट्टी लावलेली, आणि रविवारी बसून चिकटवली. दिसायला छान दिसत होती. बाबा तिच्यावर भार टाकून चालायला लागले आणि भिंतीच्या मध्यावर पट्टी सोलून त्यांच्या हातात आली. तोल गेला, खांदा भिंतीवर आपटला. पडले नाहीत, पण मी स्वयंपाकघरातून धावत आले तेव्हा ते भिंतीला टेकून उभे होते आणि हातात ती लांब लोंबणारी पट्टी होती. मला म्हणाले, "घे व. तुही पट्टी." त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि माझा हात धरून खोलीत गेले. घरात त्यांनी माझा हात धरला तो पहिल्यांदा.

त्यानंतर ते एकटे उठले नाहीत. मी घरी असले की हाक मारायचे, नसले की बसून राहायचे. दांडा लावू म्हटलं, दवाखान्यात असतो तसा स्टीलचा. भाऊही फोनवर तेच म्हणाला. बाबा म्हणाले, "दांडा धरला का मानूस पेशंट झाला." आणि ओल आलेली ती भिंत दांडा झेलणार नाही, खिळाही त्यात हलतो, हे मलाही माहीत होतं.

मग एका संध्याकाळी शाळेतून आले तर त्यांच्या उशाशी तांब्या ठेवलेला असतो तो भरलेला दिसला. सकाळी मी भरला होता तसाच, काठापर्यंत. मला वाटलं मावशींनी दुपारी पुन्हा भरला असेल. मावशींना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, बाबा पानीच नाही पीत आजकाल. चाहा ठेवला तं तोही नको म्हनते."

बाबांना विचारलं. त्यांनी आधी टाळाटाळ केली, मग म्हणाले, "तू आली का पितो ना. तवर कायले?"

तवर कायले. म्हणजे मी येईपर्यंत उठायची वेळच येऊ नये म्हणून हा माणूस दिवसभर घोटभर पाणी पीत नव्हता. ऑक्टोबरची हीट, अमरावतीचं ऊन, आणि ओठ कोरडे ठाक. मला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त आला. मिस्त्रीवर, पितृपक्षावर, माझ्यावर, आणि सगळ्यात जास्त बाबांवर. मी ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, एवढा मान आहे तर मला सांगायचं ना, मी सुटी घेतली असती. ते शांतपणे म्हणाले, "रोज मुताले नेयाले सुटी घेशीन का तू?"

डॉक्टरांनी तपासलं, पाणी न प्यायल्याने लघवीला जळजळ सुरू झाली होती, त्यांनी आम्हा दोघांनाही झापलं. भावाला कळवावंच लागलं. भाऊ वाईट नाही. पण त्याला कोणताही प्रश्न गाडी काढून सोडवता येतो असं वाटते. म्हणाला, "ताई, दसऱ्याला येतो आणि बाबांना अकोल्याला घेऊन जातो. ही दिवसभर घरी असते, नेईल ना हात धरून." वहिनी करेलही, ती चांगली आहे. त्यांचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, पांढऱ्या गुळगुळीत भिंती, मधे सोफे मांडलेले. मी बाबांना सांगितलं. "जाईन ना," म्हणाले. "पन तथी भिंत कोन्ती धरू?"

मी म्हटलं, बस झालं. ती पट्टी लागली पाहिजे आणि दसऱ्याच्या आधी लागली पाहिजे.

अमरावतीच्या दुकानात पाहिजे तशी पट्टी नव्हती. एकाकडे प्लास्टिकची, एकाकडे चमचमणारी. "अकोल्याहून माल येते मॅडम, पित्तर झाले का येईन." पट्टीलाही पितर. भावाला फोन केला, म्हटलं तुझ्याकडे मिळते, पाहून पाठव, कड गोल पाहिजे. त्याने दुसऱ्याच दिवशी एसटीच्या पार्सलने पाठवली. मी स्टँडवर जाऊन सोडवली, कागद फाडला. सोनेरी. आणि चौकोनी, दोन्ही बाजूंना कोन असा की त्यावर सुपारी फुटावी. फोन केला तर म्हणतो, "ताई, ही जास्त रॉयल दिसते. दुकानदार म्हणाला आजकाल हीच चालते." अरे, आपल्या बापाला दिसत नाही, तुला रॉयल कोणासाठी पाहिजे? हे मी त्याला बसस्टँडवर उभं राहून, लोकांसमोर म्हटलं.

रविवारी मी स्वतः अकोल्याला गेले. भाऊ दुकानात आला होता, तोंड पाडून. मी दुकानदाराला म्हटलं सगळे नमुने काढा. मग डोळे मिटले आणि एकेका नमुन्यावर तळहात फिरवून पाहिला. बाबा रुई पाहायचे तेव्हा बोलायचे नाहीत, मीही बोलले नाही. एक टोचत होती. एक गोल होती पण तिच्या कडेला पातळ धार राहिलेली. तिसरी ॲल्युमिनियमची, साधी, मंद, बोटाला गार लागणारी, आणि बोट तिच्यावरून असं सरकलं की कुठे अडलंच नाही. म्हटलं, ही द्या. भिंत एका पट्टीपेक्षा लांब, म्हणून दोन घेतल्या.

आता आठ फुटी पट्ट्या. भाऊ म्हणाला, मधून कापून ने, सोपं जाईल. मी म्हटलं, जिथे कापशील तिथे सांधा येईल आणि सांध्यावर बाबांचा हात येईल, कापायची नाही. त्याची गाडी सर्व्हिसिंगला. म्हणून एसटी. कंडक्टरने पट्ट्या पाहिल्या आणि म्हणाला, "हे काय घेऊन राहिल्या मॅडम, घर बांधता का गाडीत?" टपावर टाका म्हणाला. मी म्हटलं टपावर वाकेल, वाकली तर मी तुम्हालाच सोडणार नाही. शेवटी ड्रायव्हरच्या मागच्या जाळीपासून थेट मधल्या सीटांपर्यंत पट्ट्या चालायच्या वाटेत झोपवल्या आणि जो चढेल तो त्यांच्यावरून पाय उचलून जायला लागला. मूर्तिजापूरला गर्दी झाली. एक म्हातारी माझ्या पलीकडच्या सीटवर बसली होती, तिने विचारलं हे कायले हाय. मी सांगितलं, वडिलांना दिसत नाही, भिंतीला लावायची आहे, हाताने धरून चालायला. तिने पट्टीचं टोक उचलून मांडीवर घेतलं आणि पुढे जो चढला त्याला म्हणत राहिली, "पाय पाहून ठेव बाबू." बडनेऱ्याला ती उतरली तेव्हा तिने ते टोक दुसऱ्याच्या हातात दिलं.

पट्ट्या आल्या. मिस्त्री मात्र अजून पितरांत. मी फोनवर पुन्हा त्याच्याशी हुज्जत घालत होते. बाबा पलंगावर ऐकत होते. म्हणाले, "फोन दे इकडे."

मी दिला. त्यांनी तो उलटा धरला, मी सरळ करून दिला.

"काय म्हनतं बाबू, कोनाचे पित्तर हाय?" त्यांनी विचारलं. पलीकडे तो काहीतरी म्हणाला. "हे पाय. या घरात पित्तर माह्या बापाचे. अन माह्या बापानं मले जिवंतपनी कधी मुताले जायचं अडवलं नाही, तो मेल्यावर कायले अडवन? तू उद्या ये. काई झालं तं त्याच्याशी मी बोलतो, मले तसंही लवकरच भेटाचं हाय त्याले."

ते एवढं बोलून फोन माझ्याकडे देऊन मोकळे झाले. मिस्त्री पलीकडे हसत होता की घाबरला होता कळलं नाही, पण सकाळी दारात हजर. मी शाळेत अर्ज टाकला आणि भिंतीसमोर स्टूल मांडून बसले. त्याने वरची ओळ छिन्नीने काढली. या वेळी पट्टीचा जाळीदार पाय आधी सिमेंटमध्ये बसवला, मग टाईल, आणि कापलेली बाजू खाली. मधे मधे माझ्याकडे पाहून म्हणायचा, "मॅडम, तुमी बसल्या का हात थरथरते." मी म्हटलं, थरथरू द्या, पण उठणार नाही.

दोन पट्ट्यांचा सांधा कुठे घ्यायचा यावरून पुन्हा भांडण. त्याला मधोमध पाहिजे होता, बरोबर दिसते म्हणून. मी म्हटलं दिसण्याचं नाव काढू नका. शेवटी दारापाशी, जिथे भिंत संपते त्याच्या अलीकडे घेतला. कानशीने घासघास घासला. मी नख फिरवून पाहिलं तर अजून केसाएवढी रेघ लागत होती. म्हटलं, हे पुन्हा करा. तो म्हणाला, दोन पट्ट्या हाय तं एवढं राह्यतेच मॅडम. मी आवाज चढवला. त्याने थापी ठेवली.

एवढ्यात बाबा खोलीच्या दारात येऊन उभे राहिलेले दिसले. सिमेंट ओलं आहे, जोर देऊ नका, मी म्हटलं. त्यांनी नुसतं बोट ठेवलं. उजव्या हाताचं, तळव्यावर अजून जखमेची खूण असलेलं. भिंतीच्या सुरुवातीपासून बोट हळूहळू पुढे आलं. मिस्त्री बाजूला सरकला, मी स्टूल उचललं. सांध्यापाशी बोट थांबलं. मागे गेलं, पुन्हा पुढे आलं.

"हे मी त्याला पुन्हा करायला लावते," मी म्हटलं.

"राहू दे," बाबा म्हणाले. "इथी आलं का दार आलं. मले पायजेच हे."

मिस्त्रीने माझ्याकडे असं पाहिलं की मला त्याला तिथेच चार शब्द सुनावावेसे वाटले, पण मी गिळले. तो जाताना म्हणाला, परवापर्यंत भार नका देऊ. त्या दोन दिवसांत बाबांनी तीनदा विचारलं, सुकलं का.

त्या आठवड्यात भावाचा फोन आला, दसऱ्याला गाडी घेऊन येतो, बाबांचे कपडे भरून ठेव. मी म्हटलं, ये, आपट्याची पानं आण. कपड्यांचं मग पाहू. मला तेव्हाही खात्री नव्हती. बाबा नव्या कडेला हात लावून दोनदा गेले होते, पण मी घरात असताना, आणि मी मागे उभी आहे हे त्यांना कळत होतं.

सोमवारी मी शाळेत गेले. सकाळी तांब्या भरून ठेवला. दिवसभर वर्गात जीव नव्हता. शेवटच्या तासाला पोरांना उदाहरणं सोडवायला देऊन खिडकीपाशी उभी राहिले. घरी आले, दार ढकललं, चपला सुद्धा नीट काढल्या नाहीत. बाबा पलंगावर रेडिओ ऐकत बसले होते. तांब्या स्टुलावर आडवा पडलेला, कोरडा. भांडं खाली जमिनीवर.

माझी चाहूल लागताच ते वैतागून म्हणाले, "किती उशीर व तुले. दुपारपासून घोटभर पानी नाही घरात. एवढुसा तांब्या भरून जाते, त्यात मानसाचं काय होते?"

मी म्हटलं, उद्यापासून कळशी ठेवते. पर्स खांद्याला तशीच होती, मी तांब्या उचलला आणि माठाकडे गेले.